ध्वनिक्षेपकाचा संरोध व विवर्धकाची निवड

संगीत व वाणी यांचे मुळाबरहुकूम पुनरुत्पादन करणाऱ्या, म्हणजे हाय-फाय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचात विवर्धक, ज्याला व्यवहारात ॲम्प्लिफायर म्हणतात, हा विद्युत् शक्ती पुरवितो आणि ध्वनिक्षेपक तिचे ध्वनीत रूपांतर करतो. विद्युत् मंडलाच्या दृष्टीने ध्वनिक्षेपक हा विवर्धकावरील भार होय. हा भार किती जड आहे, हे ध्वनिक्षेपकाच्या संरोधावरून ठरते. संरोध ओहम या एककात मोजतात आणि ध्वनिक्षेपकाच्या पाठीमागे ‘४ ओहम’, ‘८ ओहम’ असा एकच आकडा छापलेला असतो. प्रत्यक्षात संरोध हा एक आकडा नसून कंप्रतेनुसार बदलणारी राशी आहे. संच खरेदी करताना या एका आकड्यावर विसंबल्यास पुरेसा वाटणारा विवर्धक मोठ्या आवाजात अडखळतो, विकृत ध्वनी देतो आणि प्रसंगी निकामीही होतो. ध्वनिक्षेपकाला साजेसा विवर्धक कसा निवडावा, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

संरोधाचे स्वरूप : एकदिश प्रवाहाला होणाऱ्या विरोधास रोध म्हणतात. प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध म्हणजे संरोध. संरोधाची संज्ञा ऑलिव्हर हेव्हिसाइड या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये रूढ केली. संरोधाचे दोन भाग पडतात. एक भाग शुद्ध रोधाचा असून त्यात विद्युत् ऊर्जा खर्ची पडते. दुसरा भाग वेटोळ्यातील प्रवर्तनामुळे किंवा धारित्रामुळे, म्हणजे कपॅसिटरमुळे येतो. या भागात ऊर्जा खर्च होत नाही. ती काही क्षण साठविली जाऊन मंडलात परत येते. त्यामुळे विद्युत् दाब व प्रवाह यांची शिखरे एकाच क्षणी येत नाहीत. धारित्रात प्रवाह दाबाच्या पुढे, तर वेटोळ्यात तो मागे राहतो. या अंतरास कलाकोन म्हणतात व ते अंशांत मोजतात. भाराचे पूर्ण वर्णन करावयाचे तर प्रत्येक कंप्रतेस संरोधाचे मूल्य व कलाकोन अशा दोन्ही गोष्टी द्याव्या लागतात.

ध्वनिक्षेपकाचा संरोधवक्र : चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये चलवेटोळे ध्वनिक्षेपकाची माहिती प्रसिद्ध केली. आजचे बहुसंख्य ध्वनिक्षेपक याच तत्त्वावर चालतात. चुंबकाच्या फटीत तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे हलके वेटोळे टांगलेले असते आणि त्याला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू जोडलेला असतो. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते हलते. मात्र हलणारे वेटोळे चुंबकीय क्षेत्र छेदत असल्याने जनित्राप्रमाणे स्वतःही विद्युत् दाब निर्माण करते आणि हा दाब मूळ प्रवाहाला विरोध करतो.

शंकूचे वजन व त्याच्या आधाराची लवचिकता यांमुळे एका ठरावीक नीच कंप्रतेस अनुस्पंदन घडते. त्या कंप्रतेस वेटोळ्याची हालचाल सर्वांत मोकळी असते, उलट दाबही मोठा असतो आणि त्यामुळे संरोध वाढतो. ८ ओहम म्हणून विकल्या जाणाऱ्या ध्वनिक्षेपकाचा संरोध तेथे ३० ओहमांवरही जातो. बंद पेटीत असे एक शिखर आढळते, तर हवेसाठी नळी ठेवलेल्या पेटीत दोन शिखरे व त्यांच्यामध्ये एक दरी आढळते. अशा पेट्यांचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये मांडले व पुढे रिचर्ड स्मॉल यांनी त्याचा विस्तार केला. अनुस्पंदनाच्या वर संरोध उतरून वेटोळ्याच्या एकदिश रोधाच्या जवळ येतो. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकात हा रोध सामान्यतः ६ ओहमच्या आसपास असतो. त्याही वर वेटोळ्याच्या प्रवर्तनामुळे संरोध पुन्हा चढू लागतो.

घरगुती ध्वनिक्षेपकात खालच्या स्वरांसाठी वूफर व वरच्या स्वरांसाठी ट्वीटर असे एकाहून अधिक घटक असतात. त्यांच्यात कंप्रतांची वाटणी करणारे धारित्रे व वेटोळी यांचे मंडल, ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात, संरोधवक्रात आणखी चढउतार निर्माण करते. दोन वूफर समांतर जोडल्यास संरोध निम्मा होतो. वक्राच्या तीव्र उतारांवर कलाकोनही मोठा असतो. अनुस्पंदनाच्या शिखराखाली भार वेटोळ्यासारखा आणि शिखराच्या वर तो धारित्रासारखा वागतो.

नाममात्र संरोध : आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाच्या ६०२६८-५ या मानकानुसार, निर्धारित कंप्रता पट्ट्यात संरोधाचे किमान मूल्य नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे ८ ओहमचा ध्वनिक्षेपक कोठेही ६.४ ओहमच्या खाली आणि ४ ओहमचा ३.२ ओहमच्या खाली जाऊ नये. सर्वच उत्पादक हा दंडक काटेकोरपणे पाळतात असे नाही. शिवाय मानक पाळले तरी नाममात्र आकड्यावरून कलाकोनाचा काहीच बोध होत नाही. म्हणून ‘किमान संरोध किती व कोणत्या कंप्रतेस’ ही माहिती नाममात्र आकड्यापेक्षा अधिक मोलाची ठरते.

जुळणीची कल्पना : उगमाचा अंतर्गत रोध व भाराचा रोध समान असता भाराला महत्तम शक्ती मिळते, हा नियम मोरिट्स फोन याकोबी यांनी १८४० च्या सुमारास मांडला. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकास ८ ओहमचाच विवर्धक हवा, असा जो समज रूढ आहे त्यामागे या नियमाची छाया आहे. निर्वात नलिकांच्या विवर्धकांत त्याला काही आधारही होता. नलिकेला हजारो ओहमांचा भार लागतो, म्हणून नलिका व ध्वनिक्षेपक यांच्यामध्ये प्रदान रोहित्र बसवावे लागते. उदा., ५,००० ओहमांचा भार अपेक्षिणाऱ्या नलिकांना ८ ओहमचा ध्वनिक्षेपक जोडावयाचा, तर संरोधांचे गुणोत्तर ६२५ व म्हणून रोहित्रातील वेढ्यांचे गुणोत्तर त्याचे वर्गमूळ, म्हणजे २५ : १ हवे. यासाठीच अशा विवर्धकांवर ४, ८ व १६ ओहम अशी वेगवेगळी टोके असतात.

ट्रँझिस्टरच्या विवर्धकात बहुधा प्रदान रोहित्र नसते. ऋण पुनःप्रदायामुळे, म्हणजे प्रदानाचा काही अंश विरुद्ध कलेत आदानाकडे परत नेण्याच्या योजनेमुळे, त्याचा प्रदान संरोध ओहमच्या दशांशाइतका किंवा त्याहूनही अल्प असतो. ध्वनिक्षेपकाचा संरोध कितीही बदलला तरी दाब स्थिर ठेवणे आणि भार मागेल तितका प्रवाह पुरविणे, हे अशा विवर्धकाचे काम असते. येथे संरोधांची समानता साधावयाची नसते. ज्याला आपण जुळणी म्हणतो तिचा खरा अर्थ ‘विवर्धकाचा प्रवाह व त्याची उष्णता सोसण्याची क्षमता ध्वनिक्षेपकाच्या मागणीस पुरे पडते काय’ एवढाच उरतो.

प्रवाह, कलाकोन व उष्णता : समजा, विवर्धक २० व्होल्ट इतका परिणामी दाब देत आहे. ८ ओहमच्या शुद्ध रोधातून २.५ अँपिअर प्रवाह वाहील व शक्ती ५० वॉट होईल. ४ ओहममधून ५ अँपिअर व १०० वॉट, तर २ ओहममधून १० अँपिअर व २०० वॉट अशी मागणी होईल. केवळ संरोध कमी झाल्याने प्रवाह कसा वाढतो हे यावरून दिसते. कलाकोनाचा परिणाम मात्र इतका उघड नसतो व त्यामुळेच तो बहुधा दुर्लक्षिला जातो.

ब वर्गाच्या विवर्धकाचे उदाहरण घेऊ. त्यात धन व ऋण अर्धतरंग ट्रँझिस्टरांचे दोन गट आळीपाळीने हाताळतात. त्याचा शक्तिपुरवठा अधिक व उणे ३५ व्होल्टचा आहे आणि तो वरीलप्रमाणेच २० व्होल्ट दाब देत आहे. ८ ओहमच्या शुद्ध रोधावर पुरवठ्यातून सु. ७९ वॉट घेतले जातात. त्यांतील ५० वॉट भारात जातात व सु. २९ वॉट ट्रँझिस्टरांत उष्णतारूपाने उरतात. आता त्याऐवजी ४ ओहम संरोधाचा व ६० अंश कलाकोनाचा भार जोडला आहे असे मानू. प्रवाह दुप्पट होईल. परंतु ६० अंशाच्या कोज्येचे मूल्य अर्धा असल्याने भारात जाणारी शक्ती पूर्वीइतकीच, म्हणजे ५० वॉट राहील. पुरवठ्यातून मात्र सु. १५८ वॉट घेतले जातील आणि उरलेले सु. १०८ वॉट ट्रँझिस्टरांना सोसावे लागतील. ध्वनिक्षेपकाला मिळालेली शक्ती तीच, पण विवर्धकातील उष्णता जवळजवळ पावणेचारपट.

याचे कारण शिखरांच्या वेळेत आहे. शुद्ध रोधात प्रवाह शिखरावर असतो तेव्हा प्रदानाचा दाबही शिखरावर, म्हणजे सु. २८ व्होल्ट असतो. त्यामुळे ट्रँझिस्टरच्या वाट्याला ३५ मधील जेमतेम ७ व्होल्ट उरतात. कलाकोन ६० अंश असल्यास प्रवाहाच्या शिखरक्षणी प्रदानाचा दाब १४ व्होल्टच असतो. उरलेले सु. २१ व्होल्ट ट्रँझिस्टरवर पडतात आणि त्याच क्षणी त्यातून ७ अँपिअर प्रवाह जात असतो. अशा वेळी ट्रँझिस्टरच्या अंतर्भागात उष्णता एका बिंदूशी एकवटून तो कायमचा निकामी होऊ शकतो. यास दुय्यम भंग म्हणतात. तो टाळण्यासाठी १९६० नंतरच्या विवर्धकांत दाब व प्रवाह यांवर एकत्रित लक्ष ठेवणारी संरक्षक मंडले बसविण्यात आली. तथापि ही मंडले फार हळवी असल्यास संगीत चालू असतानाच प्रवाह तोडतात व आवाजात करकर किंवा फटकारे ऐकू येतात. श्रोता दोष ध्वनिमुद्रिकेला किंवा ध्वनिक्षेपकाला देतो. तो वस्तुतः भार व विवर्धक यांच्या विसंगतीचा असतो.

मूल्य व कलाकोन या दोहोंचा एकत्रित परिणाम एका आकड्यात सांगण्यासाठी ‘तुल्य शिखर-व्यय रोध’ ही कल्पना उपयोगी पडते. ट्रँझिस्टरांवर तितकाच क्षणिक ताण आणणारा शुद्ध रोध असा तिचा अर्थ आहे. एरिक बेंजामिन यांनी १९९४ मध्ये या दिशेने केलेल्या विश्लेषणाचा आधार घेऊन कीथ हॉवर्ड यांनी २००७ मध्ये ती वाचकांपुढे आणली. ब वर्गाचा विवर्धक पूर्ण दाब देत असता ४५ अंश कलाकोनाचा ४ ओहमचा भार सु. १.४ ओहमच्या शुद्ध रोधाइतका जड ठरतो. ‘४ ओहमसाठी योग्य’ असे लिहिलेला विवर्धक ४ ओहमच्याच ध्वनिक्षेपकावर का दमतो, याचे उत्तर येथे मिळते. संगीतातील आकस्मिक आघातांच्या वेळी प्रवाहाची मागणी शुद्ध रोधावरून केलेल्या हिशेबाच्या काही पट होऊ शकते, हे फिनलंडचे मट्टी ऑटाला यांनी १९८०–९० या दशकात दाखवून दिले.

दरी कोणत्या कंप्रतेस आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. संगीतातील ऊर्जा मुख्यत्वे खालच्या व मधल्या पट्टीत असते. डग्ग्याचा किंवा पखवाजाच्या डाव्या मुखाचा आघात विवर्धकाकडून प्रचंड प्रवाह मागतो, तर तंबोऱ्याच्या जवारीतील अतिउच्च स्वरांश अल्प शक्तीत भागतात. त्यामुळे १०० हर्ट्‌झजवळची ३ ओहमची दरी ही १८,००० हर्ट्‌झजवळच्या २ ओहमच्या दरीपेक्षा अधिक त्रासदायक असते.

कठीण भारांची उदाहरणे : इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ मध्ये विक्रीस आणलेला स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपक हा एक प्रसिद्ध भार आहे. त्यात चलवेटोळे नसून विद्युत् भारित पातळ पटल दोन जाळीदार पट्टांमध्ये कंप पावते. असा ध्वनिक्षेपक मूलतः धारित्रच असल्याने कंप्रता वाढेल तसा त्याचा संरोध उतरतो व वरच्या टोकाला तो सु. २ ओहमपर्यंत येतो. त्याला प्रवाह पुरविण्याचे सामर्थ्य हवे, पण अति दाब मुळीच चालत नाही. मर्यादेबाहेरील दाबाने आत ठिणगी पडून पटल बिघडते. म्हणून येथे मोठा विवर्धक हा उपाय नसून बेताचा व धारित्री भारावर स्थिर राहणारा विवर्धक हा उपाय आहे.

अमेरिकेतील ॲपोजी कंपनीच्या सिंटिला या फितीच्या ध्वनिक्षेपकाचे उदाहरण निराळे आहे. १९८०–९० या दशकातील या ध्वनिक्षेपकाचा संरोध एका जोडणीत अवघा १ ओहम होता. मात्र धातूच्या फितीचा भार बराचसा शुद्ध रोधासारखा असतो. तेथे अडचण कलाकोनाची नसून निव्वळ प्रवाहाची होती आणि फार थोडे विवर्धक ती भागवू शकत.

याउलट बीबीसीने १९७० नंतरच्या दशकात स्वतःच्या उपयोगासाठी विकसित केलेला एलएस३/५ए हा लहान ध्वनिक्षेपक १५ ओहमचा होता. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत तो ११ ओहमचा झाला. प्रवाहाच्या दृष्टीने हा सौम्य भार आहे. परंतु त्याची संवेदनशीलता कमी असल्याने पुरेशा आवाजासाठी दाब अधिक लागतो. संरोध अधिक म्हणजे सर्वच काम सोपे, असा निष्कर्ष काढता येत नाही, हे यावरून लक्षात येईल.

प्रदान संरोध व स्वरांचा समतोल : विवर्धकाचा प्रदान संरोध व ध्वनिक्षेपकाचा संरोध यांच्यात दाबाची विभागणी होते. एखाद्या ध्वनिक्षेपकाचा संरोध ४ ते ३० ओहम यांदरम्यान बदलतो असे मानू. प्रदान संरोध ०.१ ओहम असल्यास ध्वनिक्षेपकावरील दाबात सु. ०.२ डेसिबेल इतकाच फरक पडतो व तो कानाला कळत नाही. काही नलिका विवर्धकांप्रमाणे तो २ ओहम असल्यास फरक सु. ३ डेसिबेल होतो. म्हणजे संरोधवक्राची आकृतीच जणू संगीतावर उमटते. काही स्वर फुगतात, काही दबतात. नलिका विवर्धकावर अशा वेळी ८ ऐवजी ४ ओहमचे टोक वापरून पाहणे श्रेयस्कर, कारण त्या टोकाचा प्रदान संरोध कमी असतो.

भाराचा संरोध व प्रदान संरोध यांच्या गुणोत्तरास संदमन गुणक म्हणतात. शंकूची अनावर हालचाल रोखण्याशी त्याचा संबंध आहे. तथापि वेटोळ्याचा स्वतःचा सु. ६ ओहमचा रोध त्याच मंडलात असल्याने हा गुणक २० च्या पुढे कितीही वाढला तरी प्रत्यक्ष लाभ थोडाच होतो. शेकड्यांनी व हजारांनी सांगितलेल्या संदमन गुणकांना म्हणून फारसे महत्त्व देऊ नये.

माहितीपत्रकाचे वाचन : विवर्धकाची शक्ती ८, ४ व २ ओहमांवर वेगवेगळी दिली असल्यास तीवरून बरेच समजते. संरोध निम्मा होताच शक्ती दुप्पट होत असेल, तर शक्तिपुरवठा भक्कम आहे. ८ ओहमवर १०० वॉट व ४ ओहमवर १६० वॉट असे आकडे असल्यास दाब सु. २८ व्होल्टवरून सु. २५ व्होल्टवर घसरला, म्हणजेच पुरवठा काहीसा दबला, असे समजावे. २ ओहमचा उल्लेखच नसल्यास जड भारासाठी तो विवर्धक अभिप्रेत नाही, असे मानणे सुरक्षित असते. दोन विवर्धक सेतू पद्धतीने एकत्र जोडल्यास प्रत्येकाला निम्माच संरोध जाणवतो. ८ ओहमचा ध्वनिक्षेपक त्यांना ४ ओहमसारखा वाटतो. म्हणून कठीण भारावर ही पद्धत टाळावी.

ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता बहुधा २.८३ व्होल्ट दाब देऊन १ मीटर अंतरावर मोजतात. हा दाब ८ ओहमवर १ वॉट, पण ४ ओहमवर २ वॉट होतो. त्यामुळे ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकाचा आकडा ३ डेसिबेलने आकर्षक दिसतो. त्याची किंमत विवर्धक प्रवाहाच्या रूपाने मोजत असतो.

जोडणी व वापर : बारीक तारांचा रोधही विचारात घ्यावा लागतो. ५ मी. अंतरासाठी जाण्यायेण्याची मिळून १० मी. तांब्याची तार लागते. तिचा छेद ०.५ चौ. मिमी. असल्यास रोध सु. ०.३४ ओहम, तर २.५ चौ. मिमी. असल्यास सु. ०.०७ ओहम भरतो. २ ओहमच्या दरीपुढे पहिला आकडा उपेक्षणीय नाही. एकाच विवर्धकाला दुसरी जोडी समांतर लावल्यास दोन्हींचे किमान संरोध एकत्र येतात, हे विसरता कामा नये. विवर्धकाच्या रक्षणासाठी ध्वनिक्षेपकाशी एकसरीत रोध जोडण्याचा उपाय काही जण सुचवितात. त्याने ट्रँझिस्टर वाचतात, परंतु प्रदान संरोध वाढविल्यासारखेच होऊन स्वरांचा समतोल बिघडतो. काही विवर्धकांवरील संरोध निवडीची कळ खालच्या आकड्यावर नेली असता पुरवठ्याचा दाब उतरतो; उष्णता आटोक्यात राहते, पण शक्तीही कमी होते.

विवर्धकाची उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे पंखे सभोवारच्या हवेवर अवलंबून असतात. विदर्भातील उन्हाळ्यात हवाच ४० अंश से. च्या पुढे असते, तेव्हा बंद कपाटात ठेवलेल्या विवर्धकाला फारशी सवलत उरत नाही. वीजपुरवठ्याचा दाब २३० व्होल्टवरून १० टक्क्यांनी उतरला, तर साध्या पुरवठ्याच्या विवर्धकाची महत्तम शक्ती सु. १९ टक्क्यांनी घटते.

मापन : मल्टिमीटरने ध्वनिक्षेपकाचा केवळ एकदिश रोध कळतो. संरोध मोजण्यासाठी कंप्रता बदलता येणाऱ्या दोलकाचा १० व्होल्ट दाब १,००० ओहमच्या रोधातून ध्वनिक्षेपकास द्यावा. प्रवाह सर्वत्र सु. १० मिलिअँपिअर राहतो. ध्वनिक्षेपकावर ८० मिलिव्होल्ट दिसल्यास संरोध ८ ओहम, ३० मिलिव्होल्ट दिसल्यास ३ ओहम समजावा. अशा रीतीने २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतची मूल्ये आलेखावर मांडली की कोणत्या पट्टीत भार जड आहे ते उघड होते.

घरातील ऐकण्यात सरासरी शक्ती बहुधा १ वॉटच्या आसपासच असते. परंतु संगीतातील शिखरे सरासरीच्या १० ते २० डेसिबेल वर, म्हणजे १० ते १०० पट शक्तीची असतात. लहान खोलीत मध्यम आवाजात ऐकणाऱ्यास साधा विवर्धकही कठीण ध्वनिक्षेपकावर समाधान देऊ शकतो. मोठ्या दालनात मात्र त्याच जोडीची उणीव पहिल्याच जोरकस आघातास प्रकट होते. म्हणून ध्वनिक्षेपकाचा किमान संरोध, त्या ठिकाणचा कलाकोन, त्याची संवेदनशीलता आणि खोलीचा आकार या चार गोष्टी आधी निश्चित कराव्यात आणि विवर्धकाचे वॉट त्यानंतर पाहावेत.